तीन चिंचोके

मुक्काम सोयगाव येथील नामांकित नर्दबाज श्रीमान कारभारी यांना संभाजीनगरहून गयासचा रामराम. आपला गुडघा कसा आहे? कापूस कसा आहे? सूनबाई तळलेलं खाऊ देतात का? (झाला आदर. आता अरे-तुरेवर येतो, नाहीतर हात आखडतो.)

इकडं सगळं ठीक. मला बरं नाही, असं डॉक्टर म्हणत नाहीत, तुझी जाहेदाभाभी म्हणते. कारण तू गेल्यापासून मी रोज दुपारी चारला नर्दचा पट काढायचो, दोन्हीकडच्या सोंगट्या मांडायचो आणि परत डब्यात भरायचो. आठवडाभर हे पाहून एक दिवस तीच समोर येऊन बसली. बावीस वर्षं आपल्याला चहा देता देता बाई पहिल्या फाशापासून पंधरावी सोंगटी बाहेर काढेपर्यंत सगळा खेळ शिकलीय, याचा आपल्याला पत्ताच नव्हता. (तिच्यासमोर आपण काय काय बोललो, ते जरा आठवून बघ.)

तिची अट एकच, आणि नेमकी तीच, जिच्यावरून आपलं वाजलं: फासे पुन्हा टाकायची मुभा. प्रत्येकाला डावाला तीन चिंचोके. एक चिंचोका सरकवला की आपलं दान मोडून पुन्हा टाकायचं, नाहीतर समोरच्याला टाकायला लावायचं. मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नकाशे काढले. शाईची रेघ एकदा ओढली की ओढली. पडलं ते दान, हा माझा बाणा. पण रिकाम्या पटापेक्षा हे बरं म्हणून कबूल झालो.

पहिल्या चार दानांतच माझे चिंचोके संपले. पाच-तीन आवडलं नाही म्हणून मोडलं, तर तीन-एक आलं. ते मोडलं, तर दोन-एक. तिसरा चिंचोका नुसता रागात गेला. जाहेदानं मात्र आपले तिन्ही ओढणीच्या गाठीत जपून ठेवलेले. पुढं मला सहा-सहा पडलं, मी मांडीवर थाप मारली, तर तिनं शांतपणे गाठ सोडली. "दुबारा डालो जी." पुन्हा दोन-एक! महिना झाला, रोज हेच.

कारभारी, पडलेलं दान हातातून गेलं की कसं वाटतं, ते मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं. तुझ्याशिवाय करमत नाही रे.

त्या शेवटच्या डावाबद्दल मी काही लिहिणार नव्हतो. तुझी एकच सोंगटी उरली होती, सहा हवे होते, दोन-एक पडलं. तू पुन्हा टाकू दे म्हणालास, मी नियम सांगितला. "मंग नियमासंगंच खेळत बस," म्हणून तू उठलास आणि दुसऱ्या दिवशी न भेटताच सोयगावची एसटी धरलीस. नियम माझ्या बाजूनं होता, अजूनही आहे.

तुझा (रागावला असलास तरी),
गयास

ता. क. नियम माझ्या बाजूनं होता, पण कोपरही माझंच होतं. तू चष्मा पुसत होतास, तेव्हा फासा सहावर थांबला होता. बशी उचलताना माझं कोपर लागलं आणि त्याचे दोन झाले. मी पाहिलं आणि गप्प बसलो. माफ कर.

ता. क. दुसरा. जाहेदानंही पाहिलं होतं. वरचा ता. क. लिहीपर्यंत मला एकही डाव जिंकू द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं म्हणे.

ता. क. तिसरा. पाकिटात एक चिंचोका आहे. पट त्याच डावावर मांडून ठेवलाय. ये आणि टाक. (जाहेदानं तुझ्यासाठी तीन दिले होते; दोन मी काढून घेतले. दोस्ती दोस्तीच्या जागी.)