पत्तियम म्हणजे अर्धी प्लेट

प्रिय रघू,

काल तुझ्या आईंचा फोन आला, म्हणून लिहायला बसलो आहे. एरवी मी पत्र लिहिणारा माणूस नाही, हे तुला ठाऊक आहे. ऑफिसातली ई-मेलसुद्धा मी दोन ओळींत संपवायचो आणि तू मागून वाचून म्हणायचास, "सुहास, ही ई-मेल आहे की तार?"

येत्या रविवारी तुझं वर्षश्राद्ध आहे. आई म्हणाल्या, "तू ये. तू घरचा. तू दुपारचं पत्तियम सांभाळलंस, म्हणून तो एवढा तरी आम्हांस मिळाला. मी सगळ्यांस सांगितलं आहे." मी "येतो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? त्यांचा आवाज इतका मायेचा होता, की मला तुझा राग आला. हो, तुझाच! मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण मला आलेला राग मी कुठे नेऊ?

तुझी माझी ओळख कशी झाली, आठवतं? मी कराडहून चेन्नईला नवा नवा आलो होतो. मैलापूरच्या त्या ऑफिसात सगळे तमिळ नाहीतर इंग्रजी बोलायचे आणि मी दिवसभर गप्प. एकदा माझा पेन खाली पडला, तर मागच्या टेबलावरून आवाज आला, "काय हुडकतोस?" मी वळून पाहिलं. उभं गंध लावलेला, राव आडनावाचा तमिळ माणूस, आणि चक्क "हुडकतोस"! आमच्या कराडकडे हाच शब्द आहे. तू म्हणालास, "आमी तंजावरचे. आमचं मराठी जुनं आहे, हसू नको." मी हसलो नव्हतो. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

त्याच दुपारी तू मला अण्णाच्या चायनीजवर घेऊन गेलास. ऑफिसमागच्या गल्लीत, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या जिन्याखाली दोन शेगड्या, एक मोठी काळी कढई आणि उभ्याने खायची लोखंडी फळी. प्लेटवर केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर धूर निघणारा फ्राइड राइस, कडेला लाल चटणी. गल्लीतल्या बायका देवळातून फुलं घेऊन परतताना नाकाला पदर लावून जायच्या. इतकं स्वस्त आणि इतकं चविष्ट मी त्या शहरात दुसरीकडे खाल्लं नाही. "अण्णा" हा एकच तमिळ शब्द मला शिकावा लागला नाही.

बाकीचं सगळं तू बोलायचास. माझी ऑर्डर तू द्यायचास. रिक्षावाल्याशी तू, घरमालकाशी तू, गॅसवाल्याशी तू. मला तण्णी आणि पोदुम, म्हणजे पाणी आणि पुरे, एवढंच यायचं. मी म्हणायचो, "अरे, शिकव की मला नीट." तू म्हणायचास, "काय म्हणून? मी आहे ना."

मी आहे ना! किती सहज म्हणायचास.

मग एका पावसाळ्यानंतर तू जेवण कमी केलंस. म्हणजे मला तसं वाटलं. अण्णा आत ओरडायचा, "ओरु पत्तियम!" आणि तुझ्यासाठी वेगळी प्लेट यायची, थोडासा पांढरट भात आणि चार भाज्या. मी विचारलं, "हे काय नवीन?" तू अगदी मास्तरांसारखा समजावून म्हणालास, "ओरु म्हणजे एक, पाती म्हणजे अर्धं. पत्तियम म्हणजे अर्धी प्लेट. पोट सुटतंय रे."

मी विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? माझ्याकडे तुझ्याशिवाय दुसरा कोश होता का?

एवढंच नाही, मी तो शब्द वापरलासुद्धा. आठवतं ना? मला त्या दिवशी भूक नव्हती. तू फोनवर बोलत गल्लीच्या टोकाला होतास. मला वाटलं, चला, आज आपण आपलं बोलू. छाती पुढे काढून म्हणालो, "अण्णा, ओरु पत्तियम!" अण्णाने झारा खाली ठेवला. माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. इतक्या हळुवार आवाजात काहीतरी विचारलं, की मी गोंधळून नुसती मान हलवली. तो चुकचुकला आणि त्याने मला बसायला स्वतःचं स्टूल दिलं. तू आलास, त्याने तुला काहीतरी विचारलं, आणि तू हसायला लागलास तो थांबेचनास! डोळ्यांतून पाणी आलं तुझ्या.

"काय म्हणाला तो?"

"म्हणतो, तुझा मित्र आता पक्का तमिळ झाला."

भात आला. त्याला चवच नव्हती. मी म्हणालो, "मीठ विसरला वाटतं."

"अर्ध्या प्लेटला अर्धं मीठ," तू म्हणालास.

मीही हसलो. पुढे कितीतरी दिवस आपण त्यावर हसत होतो. रघू, त्या वेळी तरी सांगता आलं असतं ना? शब्द माझ्या तोंडात होता, भात माझ्यासमोर होता. तू फक्त "अरे वेड्या, पत्तियम म्हणजे पथ्य" एवढं म्हणायचं होतंस. शब्द तोच आहे! जरा वाकडा झालेला, पण आपलाच. मलाही तो ओळखता आला असता, जर तू मला आधीच चुकीचा अर्थ देऊन ठेवला नसतास.

तुझ्या घरी मला ते कळलं तेव्हा मी कसा उभा होतो, ते तू पाहिलं नाहीस. तू तर "तंजावरला शेताचं काम आहे" म्हणून सुट्टीवर गेला होतास. मी तुला मेसेज करत होतो, "भात लावलास का?" म्हणून. तू उत्तरही द्यायचास, "लावतोय." चेन्नईतल्याच हॉस्पिटलच्या खाटेवरून! मग सकाळी ऑफिसातून फोन आला आणि मी वेस्ट मांबलमला तुझ्या घरी पोचलो, तेव्हा तू दिवाणखान्यात खाली निजवलेला होतास.

आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणीतरी माझं नाव सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "सुहास तूच ना? रघू सांगे, दुपारी मला काळजी नाही, माझं पत्तियम सुहास पाहतो. एक घास वावगा खाऊ देत नाही, म्हणे."

मला काहीच कळेना. अर्ध्या प्लेटीबद्दल या माउली आत्ता का बोलताहेत? मी म्हणालो, "हो आई, तो रोज अर्धीच प्लेट घ्यायचा." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग मान हलवून माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना वाटलं असेल, दुःखाने मी काहीतरी बोलतोय.

बाहेर जिन्यात मी तुझ्या बहिणीला, वैजयंतीला, विचारलं, "पत्तियम म्हणजे नक्की काय?"

ती रडतच होती. म्हणाली, "पत्तियम... म्हणजे डाएट. डॉक्टर सांगतात ना, हे खाऊ नको, ते खाऊ नको."

"पथ्य?"

"हां, तेच. किडनीचं होतं ना त्याला. मीठ नाही, सॉस नाही, पाणीसुद्धा मोजून." मग तिने माझा चेहरा पाहिला. "तुमाला ठाऊक नव्हतं?"

मी "होतं" म्हणालो. तिच्या घरात तू खाली पडलेला, तिथे मी काय "नव्हतं" म्हणू?

तेव्हापासून तुझं खोटं मी चालवतो आहे. तू सुरू केलंस आणि मला देऊन गेलास.

नंतर मी अण्णाकडे गेलो. एकटाच. त्याने मला पाहिलं आणि शेगडी बारीक केली. मी तुझं नाव घेतलं आणि आभाळाकडे हात करून दाखवला, दुसरं काही येत नव्हतं. त्याला बातमी आधीच कळली होती. आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "व्हेरी गुड मॅन, सार. किडनी व्हेरी बॅड."

मी म्हटलं, "आय डिडन्ट नो."

त्याचा विश्वासच बसेना. "यू नॉट नो? डेली टॉकिंग, सार! यू स्टँडिंग हिअर ओन्ली!" त्याने फळीवरची माझी जागा हाताने थोपटून दाखवली.

खरंच आहे. मी तिथेच तर उभा असायचो. तुम्ही दोघं माझ्यासमोर बोलायचात. डॉक्टर काय म्हणाले, पाय सुजले का, आज किती पाणी झालं. अण्णा कधी तुझ्यावर डाफरायचा, कधी कपाळाला हात लावायचा. मी विचारायचो, "काय म्हणतोय?" आणि तू म्हणायचास, "गोबी महाग झाली म्हणतोय." "त्याची सासू आली आहे म्हणतोय." त्या सासूची तर मी पुढे नेहमी चौकशी करायचो! अण्णाची सासू आहे तरी का रे जगात?

लपवणं वेगळं. लोक आजार लपवतात, मला समजतं. पण तू माझ्या कानांदेखत बोलत होतास आणि मला दुसरंच सांगत होतास. मी तुझ्या जिभेवर चालत होतो रघू. त्या शहरात मला जे ऐकू यायचं ते तुझ्याकडून. तिथेच तू फसवलंस.

आणि गोबीचं काय? तू स्वतःसाठी गोबी मंचुरियन कधी मागवली नाहीस. मी मागवायचो. लाल, चिकट, खारट. तू तुझ्या त्या पांढऱ्या भाताकडे बघत उभा असायचास आणि मला वाटायचं, बिचारा पोट कमी करतोय, एक तुकडा तरी खाऊ दे. मी माझ्या चमच्याने तुझ्या पानावर ठेवायचो. अण्णा कढईमागून काहीतरी ओरडायचा. "काय म्हणतोय?" "म्हणतो, चव बघा कशी झाली आहे." आणि तू तो तुकडा तोंडात टाकायचास, डोळे मिटून!

नको म्हणता येत नव्हतं? चोरून खायचं होतं तर स्वतः मागवून खायचंस. माझ्या हातून का मोडलंस तुझं पथ्य? तेही घरी "सुहास एक घास वावगा खाऊ देत नाही" असं सांगून! दोन्हीकडे माझंच नाव वापरलंस. तिकडे मी पहारेकरी, इकडे मी वाढपी, आणि मला यातलं एकही काम ठाऊक नाही.

वैजयंतीने एकदा फोनवर माझी समजूत घातली. तिला शेवटी मी खरं सांगितलं होतं. म्हणाली, "घरात सगळे त्याच्या ताटाकडे बघत असत. ऑफिसातही बघत. तुमच्याजवळ तो पेशंट नव्हता. म्हणून नसेल सांगितलं." बाकी ऑफिसला ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. बघ, अजून एक!

तिचं खरं असेलही. हा माझा मान आहे, असं तिला म्हणायचं होतं. पण मला तो मान नको. मला विचारलं असतंस, तर मी सांगितलं असतं की मी फार बोलत नाही, ताटाकडे तर मुळीच बघत बसत नाही. मीही पत्तियम मागवलं असतं, आणि आपण दोघं तो बेचव भात खात उभे राहिलो असतो. एकदा खाल्लाच होता ना मी? मला जमलं असतं. तू मला ते करू दिलं नाहीस.

मी अजून त्याच गल्लीत जेवतो. अण्णाशी बोलायचं तर आता माझं मलाच बोलावं लागतं. चुकतो. तो हसतो, दुरुस्त करतो. परवा मी त्याला विचारलं, मी रघूच्या पानावर गोबी ठेवताना तू काय ओरडायचास? त्याने सांगितलं. मला समजलं, आणि वाटलं, समजलं नसतं तर बरं. "देऊ नको त्याला, सार, देऊ नको." एवढंच म्हणायचा तो. पुन्हा पुन्हा.

तर रविवारी मी येतो आहे. आई सगळ्यांना सांगणार, हाच तो, ह्याने माझ्या मुलाला जपलं. पंगतीत मला मानाचं पान मिळणार. रघू, ते पान मी तसं घेणार नाही. पानं मांडायच्या आधी मी आईंना आतल्या खोलीत नेईन आणि आपल्या मराठीत सांगेन, की मला ठाऊक नव्हतं, की तुमच्या मुलाने तुम्हांलाही खोटं सांगितलं आणि मलाही, आणि गोबी माझ्या प्लेटमधून जायची. त्यांना वाईट वाटेल. तू तोंडघशी पडशील, श्राद्धाच्याच दिवशी. पडू दे. तुला वाचवण्यासाठी मी त्यांच्याशी खोटं बोलत राहिलो, तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय?

कदाचित त्या मला जेवायला थांब म्हणणार नाहीत. मग मी नमस्कार करून जिना उतरेन. थांब म्हणाल्या, तर जिथे बसवतील तिथे बसेन आणि जे वाढतील ते सगळं खाईन. पण त्यांना सांगितल्याशिवाय मी तुझ्या घरातला एक घासही घेणार नाही, हा माझा शब्द. याचा अर्थ तुला कुणी वेगळा करून सांगायची गरज नाही.

तुझ्यावर रागावलेला, आणि तरीही रविवारी येणारा,
सुहास