मधल्या दाराची कडी

मी, नागूबाई भ्रतार बिराप्पा बंडगर, आधारकार्डावर वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी मेंढरं व आता घरकाम, राहणार टाकीची वाडी, तालुका व जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे, डोळ्याला चष्मा आहे, आणि मला कुणी दम दिलेला नाही की काही पाजलेलं नाही. मिश्री लावते, ती नशेत धरू नये. वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता, त्यात पहिल्याच ओळीला जिवाचा भरवसा नाही असं होतं. ते मी घेतलं नाही. मला भरवसा आहे. माझ्या नातीला, करिश्माला, लातूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हापासून तर लईच आहे. बंडगराच्या घरात पांढरा कोट घालणारी ही पहिली. माझी शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ कोर्टानं सांभाळून घ्यावं.

कलम पहिले. घर. माझ्या मालकीचं अर्धं घर आहे, पुढच्या बाजूचं. पुढची बाजू म्हणजे कोणती हे सांगितल्याशिवाय कोर्टाला कळणार नाही, म्हणून आधी गाव सांगते.

इथं गाव नव्हतं, माळ होता. कुर्डुवाडीकडून लातूरला छोटी गाडी जायची. तेरच्या पुढं आली की इंजनाला पाणी लागायचं, म्हणून रेल्वेनं विहीर पाडली आणि दगडी चौथऱ्यावर लोखंडी टाकी बसवली. इंजन पाणी पिऊस्तोवर लोक पाय मोकळे करायला उतरायचे. उतरलेल्या माणसाला भूक लागते हे सगळ्यात आधी माझ्या आजेसासऱ्याला कळलं. ते मेंढरं घेऊन चाललेले, तिथंच बसले आणि डाळं-मुरमुरे विकायला लागले. त्यांच्यामागं एक न्हावी आला, एक वाणी आला, मग मारुती आला, आणि मारुती आल्यावर गाव झालं. सगळ्या घरांची तोंडं रुळाकडं. आमचा ओटा सगळ्यात लांब, कारण गाडी थांबली की फर्स्टक्लासचा डबा बरोबर आमच्या दारासमोर यायचा. मी चौदा वर्षांची सून म्हणून आले तेव्हा त्या ओट्यावर बसून मी टाय लावलेली माणसं बघितलेली आहेत.

कलम दुसरे. वाटणी. माझी धाकटी जाऊ मल्लम्मा, भ्रतार सिद्रामप्पा, माहेर जळकोट, ही माझ्यामागून दोन वर्षांनी आली. गोरी होती. अजून आहे. इंजनातून अर्धे जळालेले कोळसे खाली पाडायचे, ते आम्ही सुना वेचायला जायचो. ड्रायव्हर मला बघितलं की शिट्टी वाजवायचा, बाजूला हो म्हणून. आणि मल्लम्मा दिसली की फावडं भरून तिच्या पाटीत टाकायचा. ती पाटी डोक्यावर घेऊन पुढं चालायची आणि चूल माझ्या पोटात पेटायची. हे मी तिच्या तोंडावरही सांगितलेलं आहे, तेव्हा कोर्टापासून लपवायचं कारण नाही.

पुढं सासरे महांतप्पा यांनी दोघा भावांची वाटणी केली. थोरल्याला, म्हणजे आम्हाला, रुळाकडची बाजू, ओटा आणि मोठं दार. धाकट्याला मागची बाजू, बोरीचं झाड आणि उकिरडा. मधली भिंत माझ्या मालकानं स्वतः दगड वाहून बांधली, म्हणून भिंत आमची, असं कागदावर आहे. त्या दिवशी मी गावात गूळ वाटला. मल्लम्मानं गूळ घेतला आणि म्हणाली, "गोड हाय की, अक्का."

त्या गुळाला नजर लागली. छोटी गाडी बंद झाली. मोठी गाडी आणायची म्हणून रेल्वेनं वळण सरळ केलं, आणि नवे रूळ गेले कुठून तर गावाच्या पाठीमागून. स्टेशन झालं ते मल्लम्माच्या उकिरड्यासमोर. सगळं गाव एका वर्षात फिरून बसलं. ज्यांचं परसू होतं त्यांचं अंगण झालं. जिथं तिचं शेणखत होतं तिथं आता अप-डाऊनवाल्यांच्या मोटारसायकली लागतात. मास्तर, नर्स, बँकेतली पोरं, सगळे तिला मावशी म्हणतात आणि हेल्मेट तिच्या ओसरीवर ठेवून जातात. आमच्या गावात शेतीपेक्षा आता अप-डाऊन जास्त पिकतं, आणि सगळं पीक तिच्या दारात. माझ्या ओट्यासमोर बाभळी आहेत. फर्स्टक्लास थांबायचा तिथं शेळ्या बसतात.

कलम तिसरे. वाटप. जमीन मुलाला, वीरप्पाला. तो धाराशिवला मोटारसायकलनं जातो, त्याला स्टेशन कुठं आहे याचं सुखही नाही न् दुःखही नाही, असला माणूस जमीन सांभाळतो. पोस्टातलं जे असेल ते सून राजेश्वरीला. ती माझ्याशी कमी बोलते पण दूध कधी उतू जाऊ देत नाही. मालकाची घोंगडी नातू समर्थला. धुवायची नाही. बोरमाळ करिश्माला. टाकीचा दगडी चौथरा रेल्वेचा आहे, तो मला देता येत नाही असं वकील म्हणतात. बरं. पण त्याच्यावर जी बसायची जागा माझी आहे, पिंपळाकडची, ती मल्लम्मानं घेऊ नये.

कलम चौथे. घर करिश्माला. अट अशी, की तिनं रोज रात्री या घरात झोपावं आणि लातूरला खोली घेऊ नये.

या अटीमागचं कारण लिहिते, कारण सगळं मृत्युपत्र त्याच्यासाठीच चाललंय. करिश्मा संध्याकाळच्या गाडीनं उतरते. स्टेशनातून मल्लम्माचं दार समोर. माझ्या दाराला यायचं तर मारुतीला वळसा घालून, ओढ्याच्या फरशीवरून, दिवा नसलेल्या बोळातून. गाडीला उशीर झाला की अंधार पडतो आणि बोळात कुत्री असतात. म्हणून पोरगी आधी मल्लम्माकडं थांबते, आणि वीरप्पा आणायला जाईस्तोवर मल्लम्मा तिला जेवू घालते. घरी येते ती हात धुऊन येते.

"भूक न्हाय, आजी."

मला विचारावं लागत नाही. बोटाला लसणाचा वास असतो. मल्लम्माची शेंगाची चटणी मी गावाच्या वेशीवरून ओळखीन.

मागच्या महिन्यात पोरगी म्हणाली, "आजी, रोजचा हा वळसा मला झेपत न्हाय आन् पप्पाला बी. माझ्या लॅबातल्या मोनिकानं लातूरात खोली बघितलीया. दोघी मिळून राहतो." ती मल्लम्माकडं जेवते याचं दुःख होतंच. पण निदान झोपायला इकडं येत होती.

कलम पाचवे. माझ्या पश्चात मधल्या भिंतीला दार पाडावं. म्हणजे करिश्मा स्टेशनातून मल्लम्माच्या अंगणातून सरळ माझ्या घरात येईल. हे दार मल्लम्मानं पूर्वी मागितलं होतं, दिवाळीला एकदा, सिद्रामप्पा आजारी होते तेव्हा एकदा. मी म्हटलं होतं, भिंत माझी हाय. अजून आहे. म्हणून पश्चात.

कलम सहावे. साक्षीदार. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये, उगाच शंका निघतात. हे ऐकून मला बरं वाटलं. मी मल्लम्मालाच साक्षीदार करायचं ठरवलं. म्हणजे तिला काही द्यायची भानगडच मिटली.

इथपर्यंत लिहून मी तिला रविवारी सहीला बोलावलं. ती नवीन लुगडं नेसून आली. पाटावर बसली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "वाच गं करिश्मा. न वाचता म्या सही करीत न्हाय. आमच्या जळकोटात अशीच एकाची विहीर गेली."

करिश्मानं सगळं वाचलं. गोरी होती, अजून आहे, हे वाचलं तेव्हा मल्लम्मानं पदर सारखा केला. उकिरड्याचं वाचलं तेव्हा म्हणाली, "अक्का, बोरीचं झाड लिहिलंत, पन बोरं कोण चोरून खायचं ते न्हाय लिहिलं."

"पुढं वाच," मी म्हटलं.

पाचवं कलम वाचून करिश्मा थांबली. "आजी, हे दार तू मेल्यावर पाडायचं व्हय?"

"मृत्युपत्र हाय. त्यात मेल्यावरचंच लिहित्यात."

"मग तवर म्या काय करू? लातूरात बसून तुझ्या मरणाची वाट बघू?"

राजेश्वरी आतून म्हणाली, "करिश्मा, जीभ आवर." पण हसत होती, मला आवाजावरून कळतं.

मल्लम्मा चष्मा काढून म्हणाली, "आन् माझं कुणी इचारलं का? भिंत तुमची आसंल. पन दार पलीकडं निघतंय ते माझ्या चुलीपाशी. तिथं माझ्या बरण्या हायत."

"मग काढ बरण्या."

"मेल्यावर काढू का आत्ता?"

मी मिश्री लावायला घेतली. तोंडात बोट असलं की बोलावं लागत नाही. ती सही न करता उठली आणि वळसा घालून आपल्या घरी गेली. तिलाही वळसाच पडतो, हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओट्यावरून बघितलं. गुडघ्याला हात देत चालली होती. मला वाटायचं ती अजून पाटी डोक्यावर घेतल्यासारखी चालते.

कलम चारमधली अट आणि कलम पाच रद्द. घर करिश्मालाच. खोडलेल्यावर सही केलेली आहे. सोमवारी गवंडी आला. मीच बोलावला. मालकानं लावलेला पहिला दगड निघाला तेव्हा मी घरात थांबले नाही, चौथऱ्यावर जाऊन बसले, माझ्या जागेवर. परत आले तर भिंतीतून मल्लम्माची चूल दिसत होती आणि बरण्या तिनं आधीच हलवलेल्या होत्या.

चौकट उभी केल्यावर गवंड्यानं विचारलं, "कडी कुणीकडं?"

मी म्हटलं, "हिकडं." ती म्हणाली, "माझ्याकडं."

गवंडी म्हणाला, "ठरवा आन् सांगा, म्या चहा पितो." चहा मल्लम्मानं केला. पण भिंत कागदावर माझी, म्हणून कडी माझ्या बाजूला लागली. चहा पिऊनही लागली.

करिश्मानं मोनिकाला नको म्हणून कळवलं. खोली घेतली नाही. म्हणून मला भरवसा आहे असं वर लिहिलंय, त्याच्यात आणखी थोडा मिळवावा.

कोर्टाला वाटेल, आता पोरगी माझ्याकडं जेवत असेल. नाही. गाडीचा भोंगा झाला की मी कडी काढते, आणि पोरगी उतरून पलीकडंच चुलीपुढं बसते, आधीसारखीच. फरक इतकाच, की आता मी उंबऱ्यावर बसून बघते. मल्लम्मा तिला तिसरी भाकरी वाढायला लागली की मी म्हणते, "जागा ठेव गं पोटात." मल्लम्मा म्हणते, "अक्का, तुमी बी या, ताट केलंय." मी जात नाही. चटणी तेवढी उंबऱ्यावरून चाखते. मीठ कमी असतं.

कलम सातवे. मर्तिकाला गूळ वाटू नये.

कलम आठवे, आणि हे शेवटचं. माझ्या पश्चात मधल्या दाराची कडी माझ्या बाजूनं काढावी आणि मल्लम्माच्या बाजूला लावावी. ती मी तिला देते. यात उपकार नाही. कडी म्हणजे काम आहे. रात्री लावायच्या आधी पलीकडं दिवा विझला का, खोकला थांबला का ते ऐकावं लागतं, आणि संध्याकाळी गाडीच्या आधी उठून ती काढावी लागते. वीरप्पा झोपेल, राजेश्वरीला दूध असतं. मल्लम्मा चुकणार नाही. ती माझ्यावर जळते, आणि जळणारं माणूस दुसऱ्याच्या दारावर बरोबर ध्यान ठेवतं, हे मी स्वतःवरून सांगते.

आणि मल्लम्मा माझ्या आधी गेली तर. ती जाणार नाही, पहिल्यापासून सगळं तिलाच जास्त मिळालंय, वर्षंही मिळतील. पण गेलीच, तर गवंड्याला बोलावून कडी काढून टाकावी. दोन्हीकडून. मला ती नको.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, खाडाखोडही माझीच आहे.

साक्षीदार
१. मल्लम्मा भ्रतार सिद्रामप्पा बंडगर. नाव खोडले, कारण कलम आठप्रमाणे तिला कडी मिळते. तिचं म्हणणं लिहून घ्यावं असं ती म्हणते, ते असं: "एका कडीपायी माझी सही घालवली."
१. रणधीर गुंडेराव नाईकवाडी, किराणा दुकान, टाकीची वाडी. सही.
२. लिंबाजी तुकाराम वाकुरे, शिक्षक, तेर. सही. (यांची मोटारसायकल मल्लम्माच्या अंगणात असते, तरी माणूस सरळ आहे.)

लिहून देणार: नागूबाई बिराप्पा बंडगर. सही केली आहे, अंगठा नाही.

ठिकाण: टाकीची वाडी, मधल्या दाराचा उंबरा, माझ्या बाजूचा
तारीख: १९ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळची गाडी यायच्या आधी