वेंडेलचा कायदा

हॅरो क्रीक,
ऑक्टोबरातला रविवार, दुपार

प्रिय वेंडेल,

तुझ्या-माझ्या घरांत एक ओढा आणि एक कुंपण एवढंच अंतर, आणि मी तुला पत्र लिहितोय, याचं तुला हसू येईल. येऊ दे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे तुला शाळेपासून कुणी सांगितलेलं नाही, म्हणून आज मी सांगतो. मी तोंड उघडलं की तू मध्येच एक विनोद सोडतोस, मग मी हसतो आणि मला काय म्हणायचं होतं ते राहून जातं. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. जन्मभर वकिली केलेल्या माणसाला एवढा फायदा मिळायला हरकत नसावी. पाकीट हाताला जड लागलं असेल. त्यात काय आहे ते तू आधीच बघितलं असशील, तुझा धीर मला माहीत आहे. तरी पत्र क्रमाने वाच.

काल पशुखाद्याच्या दुकानात गेलो होतो. गल्ल्यावर ती नवी मुलगी असते ना, ती म्हणाली, "तुम्ही वेंडेलच्या कायद्याच्या वेळी तिथे होतात म्हणे?" मी म्हटलं, होतो, त्याच्या शेजारच्या खुर्चीत. ती म्हणाली, "काय नशीबवान हो तुम्ही." मी कुत्रीच्या खाण्याचं पोतं उचललं आणि बाहेर आलो. वेंडेलचा कायदा. त्यातला प्रत्येक शब्द मी लिहिला, प्रत्येक स्वल्पविरामासाठी मी भांडलो, आणि तो तुझ्या नावाने ओळखला जातो. कायद्याच्या पुस्तकात त्याला नुसता आकडा आहे, पण पुस्तक उघडतो कोण? तुला वाटत असेल लायल मोठ्या मनाचा आहे, त्याला याचं काही वाटत नाही. वाटतं. नाकाला मिरच्या झोंबतात.

तो कायदा तुला अजून नीट कळलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो, म्हणून पुन्हा एकदा. डोंगरापलीकडच्या शहरवाल्यांनी मतदान घेऊन ठरवलं, की बंदूक एका हातातून दुसऱ्या हातात जायची तर दुकानातूनच जाईल, फॉर्म भरून, तपासणी करून, फी मोजून. विक्रीचं मी एक वेळ समजू शकतो. पण त्यांनी व्याख्या इतकी सैल केली, की शेजाऱ्याकडे चार दिवस रायफल ठेवायला दिली तरी तो गुन्हा. मी बंदूकमालकांच्या संघटनेचा बिनपगारी वकील. आधी कोर्टात गेलो आणि हरलो. मग दर जानेवारीला अधिवेशन सुरू झालं की बर्फातून घाट ओलांडून राजधानी गाठायची, एकच लहानशी दुरुस्ती घेऊन: मालकाला वाटलं तर त्याने आपली बंदूक काही दिवस दुसऱ्याकडे ठेवावी. फॉर्म नको, शेरीफ नको, न्यायाधीश नको, आणि मालकाने मागितली की ती लगेच परत मिळावी. बंदूक माझी, कुणाकडे ठेवायची ते मी ठरवणार. आपल्यातलेच काही जण म्हणायचे, "दुरुस्ती मागितलीस म्हणजे कायदा मान्य केलास, लायल." समोरचे म्हणायचे, पळवाट शोधतोय. दोन्हीकडून शिव्या खायच्या, मोटेलातली कडवट कॉफी प्यायची, आणि मार्चमध्ये विधेयक बासनात गेलं की घरी यायचं. दारात आर्लीन असायची. चेहरा बघून सूप गरम करायला ठेवायची.

मागच्या जानेवारीत मी तुला समितीपुढच्या सुनावणीला नेलं ते खुर्च्या भरायला, हे आता लपवण्यात अर्थ नाही. आपले लोक कमी पडत होते आणि तुझ्याकडे शिकाऱ्याचं केशरी जाकीट होतं. आर्लीनला जाऊन चारच महिने झाले होते, एकट्याने तो घाट चढवत नव्हता, हेही होतं. मी आधी बोललो. नऊ राज्यांतले दाखले दिले. समितीच्या अध्यक्ष, त्या प्रूएटबाई, आमच्या बाजूने त्यांनी कधी हात वर केलेला नाही, त्या पूर्ण वेळ पेनाचं टोपण काढत-घालत होत्या. मग तुझी पाळी आली. मी लिहून दिलेला कागद तू घडी करून टोपीत ठेवलास आणि टोपी मांडीवर घेऊन म्हणालास, "बाई, मी हा कायदा मोडलाय."

टेबलाखाली मी तुझ्या नडगीवर जी लाथ घातली, ती तुला आठवत असेल. मी अख्खी हयात लोकांना एकच गोष्ट सांगितली, की सरकारी टेपवर काही कबूल करू नका. आणि तू सुटलास, बाजारात लिलाव पुकारतोस तसा. गुरांचा बाजार ऐन भरात असताना तुझा भाऊ ग्लेन कठड्याशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "माझ्या बंदुका थोडे दिवस तुझ्याकडे राहू देत. का ते विचारू नकोस." तू माईक वजनकाट्यावरच्या माणसाच्या हातात दिलास, आयुष्यात पहिल्यांदा लिलाव अर्धवट सोडलास आणि त्याच्या मागे गेलास. बंदुका आणून खोगिरांच्या खोलीत कुलपात ठेवल्यास. "दुकान बंद होतं, बाई," तू म्हणालास, "आणि उघडं असतं तरी मी त्याला म्हणणार होतो का, की थांब, आधी फॉर्म भरू?" आठवड्याने ग्लेन त्या परत मागायला आला. तू म्हणालास, किल्ली सापडत नाही, जेवून जा. पुन्हा आला, पुन्हा किल्ली सापडली नाही, पुन्हा जेवला. असं वसंत येईपर्यंत चाललं. मी शेजारी बसून मनात कलमं मोजत होतो. दुसऱ्याची मालमत्ता अडवून ठेवली, म्हणजे हा आणखी एक गुन्हा, आणि आपण मागत असलेल्या दुरुस्तीच्याही बरोबर उलट. प्रूएटबाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि तुमचा भाऊ आता कुठे असतो?" तू मान न वळवताच अंगठ्याने मागे दाखवलंस. "तो काय, निळ्या कोटात. तोच गाडी चालवत आलाय. माझ्या चालवण्यावर त्याचा भरवसा नाही. जीव प्यारा झालाय ना आता त्याला." अख्खी खोली हसली. बाईंनी चष्मा काढून पुसला, आणि मला कळलं की आपण जिंकलो.

त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. मी खोटं लिहिणार नाही, माझ्या पोटात दुखायला लागलं. मी इतकी वर्षं ज्या दारावर डोकं आपटत होतो ते तू टोपी मांडीवर ठेवून उघडलंस. पुढे सही झाली तेव्हाही तसंच. गव्हर्नरबाईंनी सही केलेलं पेन तुझ्या हातात दिलं, फोटोत तू आहेस, तुझी टोपी आहे, ग्लेन आहे आणि डाव्या कडेला माझं कोपर आहे. ते पेन तू चौकटीत लावशील असं मला वाटलं होतं. तू त्याने कालवडींचे नंबर लिहितोस. मला दिलं असतं तर मी ते मखमलीवर ठेवलं असतं. तू ते दातात धरतोस, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि हे आजचं नाही. आर्लीन माझ्या विनोदाला म्हणायची, "छान होता हं, लायल." तुझ्या विनोदाला तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. चर्चच्या जेवणात तिची रूबार्बची पाय-पेस्ट्री नको इतकी आंबट निघाली, तरी पहिला तुकडा तुझ्यासाठी बाजूला काढलेला असायचा, आणि तू तो संपवायचास, मी संपवत नसे. तिच्या दफनाच्या दिवशी लोक आधी तुला मिठी मारत होते. नंतर त्यांच्या लक्षात यायचं आणि ते माझ्याकडे वळून हात पुढे करायचे. मी प्रत्येकाशी हात मिळवला. माझी कुत्रीसुद्धा तुझ्या पिकअपचा आवाज आला की दारात जाऊन उभी राहते. मी घरी येतो तेव्हा ती एक डोळा उघडते.

आता सुनावणीच्या खोलीबाहेर, बोळात झालेल्या त्या भांडणाचं. सुनावणीनंतर समितीचा तो तरुण वकील आला आणि म्हणाला, बाई तयार आहेत, फक्त 'नातेवाईक' एवढंच ठेवा. भाऊ, बाप, मुलगा, बायको. बाकी कुणी नको, म्हणजे विधेयक उद्याच पुढे जाईल. तू माझा दंड धरलास. "घेऊन टाक ना, लायल. ग्लेन माझा सख्खा भाऊ, त्यात बसतोय की." मी म्हटलं नाही. 'मालकाच्या विश्वासातील कोणतीही प्रौढ व्यक्ती' हे शब्द राहतील, नाहीतर मी विधेयक मागे घेतो. मी, जो वकिलीत जन्मभर अर्ध्याहून अर्धं पदरात घेऊन आभार मानत आलो, तो त्या दिवशी अडून बसलो. तीन आठवडे सगळं लोंबकळलं, मग माझे शब्द राहिले. संघटनेचे लोक त्याच दिवशी बोलायला लागले, लायल मत्सरापायी वेंडेलचं काम बिघडवतोय. ते तुझ्याही कानावर आलं असणार, कारण घाटात परत येताना तू रेडिओसुद्धा लावला नाहीस. उतारावर एकदाच विचारलंस, "तू नक्की कुणासाठी अडून बसलायस?" मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे.

तत्त्व वगैरे काही नव्हतं, वेंडेल. मत्सर मात्र होता, त्यात लोकांचं चुकलं नाही. फक्त तो तुझ्याबद्दलचा होता असं मीही समजत होतो. तू बोलत असताना मी एकदा मागे वळून पाहिलं. ग्लेन निळ्या कोटात बसला होता, कान लाल झालेले, मान खाली, आणि किल्ली सापडत नाही हे तू सांगितलंस तेव्हा तो हसत होता. मला त्याचा हेवा वाटला. असा हेवा मला आयुष्यात कशाचा वाटलेला नाही, पेनाचाही नाही आणि आर्लीनच्या हसण्याचाही नाही. त्याच्याकडे लिलाव सोडून येणारा माणूस होता. मला भाऊ नाही. आम्हाला मूल झालं नाही. आर्लीनची बहीण फ्लोरिडात आहे आणि नाताळला संत्री पाठवते. 'नातेवाईक' या शब्दात माझं कुणीच बसत नव्हतं, आणि मला स्वतःलाच तो कायदा लागेल की काय, ही शंका मला तेव्हाच आली होती. विश्वासातली प्रौढ व्यक्ती म्हणून मनाशी नावं घ्यायला बसलो तर एकच नाव आलं. ज्याच्यावर मी जळतो त्याचंच. देवाला विनोदबुद्धी आहे, पण ती तुझ्यासारखी आहे, माझ्यासारखी नाही.

परवा तू निरोप ठेवलास, "एल्क हरणांच्या शिकारीचा मोसम आला, परवाना काढलास का, म्हाताऱ्या?" काढलेला नाही. या वर्षी मला त्या कपाटाजवळ जायचं नाही. सप्टेंबर आला तसं घर फार शांत झालं, आणि त्या शांततेत मला काही विचार यायला लागले आहेत, जे मला आवडत नाहीत आणि ज्यांची मला भीती वाटते. का ते विचारू नकोस. नाही, विचार. ग्लेनने विचारू दिलं नाही, पण तू मला विचार. गुरुवारी गावात डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तू गाडी चालवत आलास तर बरं होईल, तुझ्या चालवण्यावर माझाही भरवसा नसला तरी. पाकिटातल्या किल्ल्या बंदुकांच्या कपाटाच्या आहेत. एक माझी आणि एक आर्लीनच्या डबीतली. तिसरी नाही. हे पत्र मी आत्ता चालत येऊन तुझ्या टपालपेटीत टाकतोय, म्हणजे तू वाचशील तेव्हा माझ्या घरात किल्ली नसेल. संध्याकाळी पिकअप घेऊन ये. वडिलांची रायफल, आर्लीनची, दोन्ही शॉटगन, सगळं ने. ते पेन आणू नकोस, काही लिहायचं नसतं, मी ते तसंच घडवून घेतलंय. दारात आल्याआल्या विनोद केलास तरी चालेल. आणि एक गोष्ट. मालकाने मागताक्षणी बंदूक परत द्यावी, असं त्या कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे आणि ते वाक्य माझं आहे. मी लवकरच येईन, ताठ मानेने मागेन, कलमाचा आकडाही तोंडावर फेकेन. तेव्हा माझं ऐकू नकोस. किल्ली सापडत नाही म्हण, आणि मला जेवायला वाढ.

तुझ्यावर जळणारा, तरी तुझाच,
लायल