अंधारातली लवंग

प्रशिकदादा, जय भीम.

तू पुण्याहून बाबाले सिनेमाचं तिकीट पाठवलं, मी इथं आईले घेऊन गेली, अन् शो एकच निघाला. पडद्यावर आपल्यासारखीच, घटस्फोट झालेल्या आईबापाची मोठाली पोरं त्यायले एकत्र आणायले धडपडून राहिली होती. लोक हसत होते. मागून बाबाचंही हसू आलं.

आई वळली नाही. "आता ह्यायले ठसका लागते," म्हणाली. बाबाले लागलाच. तिनं पर्समधून लवंग काढली. "मागं दे वं."

अनोळखी हातांवरून ती लवंग अंधारात तरंगत गेली. ठसका थांबला. लाईट लागूच नये असं वाटलं मले.

आई स्वतः लवंग खात नाही.

हे तुले पाठवत नाही. तू लगेच दोघांले फोन करशील, अन् आई पर्समधल्या लवंगा काढून टाकेल.

तुझी,
दीक्षा