पाचव्या टेबलावरचा मार

दि. ४ फेब्रुवारी २०२५

फोन बंद करून बसायची अक्कल तुला कुणी शिकवली रे? बोटं दुखली लावून लावून. आकाराम टेम्पो घेऊन कोल्हापूरला निघालाय, त्याच्या हातात हे पत्र देतोय. राजारामपुरीतल्या तुझ्या खोलीच्या दाराखालनं सारंल.

आदर्शा, आजीचा आशीर्वाद हाय. कमी हाय, पण हाय.

गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या आईच्या तोंडाची सूज उतरली. कान मातूर अजून वाजतोय.

त्या दिवशी तू तो यंत्राचा गोळा पॅकिंगच्या पट्ट्यावर टमाट्यांत सोडलास. मालाला कुठं किती मार बसतो ते गोळा सांगतो म्हणालास. तुझ्या आईला, तानाबाईला, कोण कौतुक! "माझ्या पोरानं आणलाय," म्हणून शेडभर सांगत सुटली. मग लॅपटॉपात बघून तू ओरडलास, "पाच नंबरच्या टेबलावर सगळ्यात जास्त मार!"

तू टेबल दाखवलंस, मुकादम हंबीररावानं तिथली बाई धरली. "माल आपटतीस व्हय गं?" म्हणत त्यानं तुझ्या आईच्या कानाखाली काढली. पडली, तर वर लाथ घातली.

तिथं माल वीतभर खाली पडतो, उघड्या पत्र्यावर. आम्ही बाया जुनी वाकळ घडी करून घालत होतो. साहेब येणार, घाण दिसती म्हणून त्या मुकादमानंच ती सकाळी उकिरड्यावर फेकली. तू शेजारीच उभा होतास, गोळा पुसत. आई भुईवर पडली तवा पण उभाच. लॅपटॉप छातीशी धरून.

रिकामा क्रेट माझ्या हातात होता. पहिला तडाखा मुकादमाच्या तोंडावर बसला, दात तिथंच गळलं. दुसरा मुद्दाम हाणला. तिसऱ्याला बायांनी मला धरलं. रक्त उडालेली टमाटी धुऊन परत पेटीत भरली म्हणं. खातील कोण तरी.

म्हातारीनं मारलं म्हणायची त्याला लाज. फिर्याद तानाबाईवर दिली. मी ठाण्यात गेलतो. म्हटलं, मी फोडलं त्याचं तोंड. फौजदार हसला. "आजी, सुनेसाठी खोटं बोलू नका." सुनेसाठी! तू जन्मल्यापास्नं आमच्या दोन चुली हायत, हे त्याला कुठं ठाव? बाया गप्प हायत. त्यांना उद्या कामावर जायाचं हाय.

तुझी आई म्हणती, "त्याची नोकरी नवी हाय, त्याला यात वढू नका." मी वढतोय. भ्या वाटत असंल तर भीत भीत ये.

परवा तिला कोर्टात उभी करणार. मला उलट पत्र धाडू नको, चुलीत घालीन. आईला फोन करून रडू नको. उद्या ठाण्यात ये आणि आधी कुणी मारलं, मग कुणी, ते फौजदाराम्होरं सांग.

झुंबरबाई

जबाब तूच द्यायचा. मालकाला धाडशील, वकिलाला धाडशील, तर दारात उभा करणार न्हाई.