गाडीला वळसा

४ जुलै
आज स्टाफरूममध्ये प्राचार्यबाईंनी विचारलं, कॉलेजचा मार्चिंग बँड कोण उभा करेल. सगळ्यांनी एकदम चहाच्या कपात तोंड घातलं. मी नेमका वर बघत होतो. निवड झाली. गुणी माणूस लपत नाही.

इतिहासाचे प्राध्यापक आणि बँड, असं पीटीचे सर म्हणाले आणि उगाच हसले. त्यांना काय कळणार. बँड म्हणजे वाजवणं नव्हे, बँड म्हणजे परंपरा. आणि परंपरा माझा विषय आहे.

घरी सांगितलं. हिने नाट्यमंडळ, भित्तिपत्रक आणि निसर्गमंडळ यांची आठवण काढली. तिन्ही माझ्याकडे आली आणि तिन्ही बंद पडली, असा एकूण सूर. निसर्गमंडळ बंद पडलेलं नाही. सभासद पास होऊन गेले.

५ जुलै, सकाळी सहा
संकल्प. रोज पहाटे स्वरलिपी शिकणे. मुलांसमोर कधीही आवाज न चढवणे. पोट कमी करणे (युनिफॉर्मसाठी).

५ जुलै, सकाळी सव्वासहा
स्वरलिपीचं पुस्तक उघडलं. अक्षरं फार बारीक. चष्म्याचा नंबर बदललेला दिसतो. तूर्त परंपरेपासून सुरुवात.

१८ जुलै
जुन्या प्रयोगशाळेमागची खोली मिळाली. वाद्यं तिथेच कपाटात पडून होती. ट्यूबा या भल्यामोठ्या पितळी वाद्यातून खडूचे तुकडे आणि एक मोजा निघाला. बाईंनी अट घातली आहे : डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धा आपल्या मैदानावर, उद्घाटनाचं संचलन बँडने करायचं. नीट झालं तर खोली बँडची, कायमची. नाहीतर वाद्यं परत कपाटात आणि खोलीत जिम. पीटीच्या सरांनी आजच टेप आणून भिंती मोजल्या. माणसाला थोडी तरी लाज हवी.

खरं सांगायचं तर हे एक काम तरी टिकावं असं फार वाटतंय. हे हिला सांगितलेलं नाही.

२६ जुलै
वीसेक मुलं आली. सेकंड इयरची एक मुलगी शाळेपासून ट्रम्पेट वाजवते म्हणे. तिला कप्तान केलं, म्हणजे तिला थोडी शिस्त लागेल. मग मी बँडच्या संस्कृतीवर बोललो. बोलणं संपल्यावर कप्तानने विचारलं, वाजवायला कधी लागायचं. घाई हा या पिढीचा रोग आहे.

९ ऑगस्ट
बँडचं ध्येयवाक्य तयार. सलामीची पद्धत तयार. ‘आपल्या बँडचा इतिहास’ लिहायला घेतला; ‘उगम’ आणि ‘जडणघडण’ ही प्रकरणं झाली, आता ‘सुवर्णकाळ’ चालू आहे. नियम पहिला : नेता मागे वळून पाहत नाही. हा मी स्वतः घातला. मुलं भारावली. निदान गप्प तरी झाली.

नेत्याच्या हातात दंड हवा. बाजारात मिळाला नाही. बेडरूमच्या पडद्याची दांडी मात्र अगदी बेताची आहे, दोन्ही टोकांना पितळी गोळे.

१० ऑगस्ट
सकाळी डोळ्यांवर ऊन आलं म्हणून ही लवकर उठली. दांडी कुठे गेली, असं दोनदा विचारलं. मी कानाडोळा केला. महान कार्यात घरच्यांनाही थोडी झळ सोसावी लागते.

२ सप्टेंबर
मैदान पीटीचे सर देत नाहीत. गवत नवीन लावलंय हे कारण. आम्हाला मागचं पार्किंग मिळालं. हरकत नाही. अडचण एकच, मधोमध झाडाच्या सावलीत बाईंची गाडी असते. कप्तानचं म्हणणं, तासभर गाडी हलवायला बाईंना सांगा.

सांगायला केबिनमध्ये गेलो. बाई फाइल वाचत होत्या. तब्येतीची चौकशी करून परत आलो.

मुलांना सांगितलं की गाडी तिथेच राहणार. अडथळ्याला वळसा घालून जो रांग मोडत नाही तोच खरा बँड. शिवाय एक सांगीतिक सूचनाही केली : गाडी जवळ आली की ड्रमवाल्यांनी दुहेरी थाप द्यायची, म्हणजे सगळे एकदम डावीकडे वळतील, गाडीला पूर्ण फेरी घालतील आणि आले तसे परत जातील. बँडच्या संगीतात ही माझी पहिली भर.

२० सप्टेंबर
थापेला मुलं आता ‘गाडी’च म्हणतात. बाईंच्या गाडीला ट्यूबा लागेल या धास्तीने सुरुवातीला सगळे जपून वळायचे. आता सगळे डोळे मिटून वळतात. मी मागच्या दाराच्या पायरीवरून मार्गदर्शन करतो. खाली धूळ फार, आणि वरून माणसाला समग्र दिसतं.

स्वरलिपी : पान तीन.

१४ ऑक्टोबर
क्लॅरिनेटवाल्याशी मतभेद. तो बेसूर वाजवतोय असं मी सांगितलं. तो म्हणाला, सर, मी अजून वाजवायला सुरुवातच केलेली नाही. मुलं उलट बोलायला लागली आहेत. आवाज चढवला नाही. फक्त दांडी आपटली. एक पितळी गोळा निखळून गाडीखाली गेला.

५ नोव्हेंबर
कप्तान पुढे चालते, बाकीचे मागे. तिने आज विचारलं की एकदा तरी गाडीशिवाय सराव करूया का, रविवारी, कॉलेज बंद असताना. संचलनाच्या दिवशी मैदानात गाडी नसेल, असं ती म्हणाली. मी समजावलं की जो गाडी असताना चालू शकतो तो नसताना चालणारच. यात न कळण्यासारखं काय आहे. शिवाय रविवारी माझी दुपारची झोप असते.

१ डिसेंबर
युनिफॉर्म आले. माझ्या कोटाची बटणं शिंप्याने चुकीच्या जागी लावली आहेत. संकल्पातला पोटाचा भाग पुढच्या वर्षी.

९ डिसेंबर
महत्त्वाचा निर्णय. उद्या पुढे मी चालणार. कप्तान गुणी आहे, पण ऐतिहासिक प्रसंगी ज्येष्ठांनी पुढे असावं. तिला सांगितलं तेव्हा तिने ट्रम्पेट बाजूला ठेवला. मग म्हणाली, सर, निदान एकदा आमच्याबरोबर चालून बघा. मी म्हटलं, संचलन मीच बसवलंय. ती मागच्या रांगेत ट्रम्पेट वाजवेल. नम्रता शिकेल.

हिला बघायला बोलावलंय. पडदा परत लागणार असेल तर येते, म्हणाली.

१० डिसेंबर, दुपार
फार मोठं यश. तपशील नंतर.

१० डिसेंबर, संध्याकाळ
तपशील. बँड मैदानात आला. पुढे मी, हातात दांडी (एका गोळ्याची). मागे बँड जोरात. अर्ध्या मैदानात ड्रमची दुहेरी थाप पडली. मी सरळ चाललो होतो, नियमाप्रमाणे मागे न बघता. बँडचा आवाज हळूहळू लहान होत गेला. मला वाटलं, मुलं भावनावश झाली. व्यासपीठापर्यंत पोचलो, प्रमुख पाहुण्यांना सलामी ठोकली. प्रचंड टाळ्या. इतक्या टाळ्या मला आजवर कधीच मिळालेल्या नाहीत.

मग वळून बघितलं. मैदानात मी एकटाच. बँड मधोमध, मोकळ्या गवतावर, नसलेल्या गाडीभोवती अगदी गोल फेरी घालून, आला त्याच दाराने बाहेर पडत होता. वाजवत. एकही रांग मोडली नव्हती.

मैदानातून बाहेर पडायला दुसरं दार कुठे आहे ते लवकर सापडेना.

११ डिसेंबर
घरी दोन दिवस कुणाशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. हिनेच बोलायला सुरुवात केली. हसत नव्हती. चहा केला आणि म्हणाली की दांडी राहू दे, मी उशी फिरवून झोपेन. याने जास्त वाईट वाटलं.

१२ डिसेंबर
बाईंनी बोलावलं. राजीनामा खिशात घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, प्रमुख पाहुण्यांना तो गोल फार आवडला. मोकळ्या मैदानात एवढा अचूक वळसा त्यांनी कधी पाहिला नव्हता. बक्षीस समारंभात परत हवाय. खोली बँडची. बँड कप्तान बघेल, कागदोपत्री पीटीचे सर. माझ्या मेहनतीची नोंद घेतली आहे, असंही म्हणाल्या. कुठे घेतली ते विचारलं नाही.

राजीनामा तसाच परत आणला. म्हणजे बँड टिकला. ‘सुवर्णकाळ’ या प्रकरणात किरकोळ बदल करावे लागतील.

१५ डिसेंबर
कप्तान स्टाफरूमच्या दाराशी आली. मला वाटलं, मुलांनी मला परत बोलावलंय. बोलावलंच होतं.

अडचण अशी. उद्घाटनाला घाबरून का होईना, गोल बरोबर आला. आता मुद्दाम करायला गेलं की कुणी आत शिरतं, कुणी बाहेर जातं. मधे खुर्ची ठेवून बघितली. ट्यूबावाल्याने ती पाडली. खुर्चीची भीती कुणालाच नाही. बाईंची गाडी पीटीचे सर गवतावर येऊ देत नाहीत. ज्याला धक्का लागता कामा नये असं काहीतरी मधे हवं, असं ती म्हणाली. आणि मग खाली बघत म्हणाली, सर, तुम्ही उभे राहाल का.

विचार करून सांगतो, म्हटलं. ती जिन्यापर्यंत पोचायच्या आत हो म्हणून आलो.

१७ डिसेंबर, सकाळ
पहिला सराव, मैदानात. कप्तानच्या सूचना : हात शरीराला चिकटून. हलायचं नाही. मान डोलवायची नाही, काही मुलं ती बघून ताल सोडतात. दांडी घरी.

उभा राहिलो. दुहेरी थाप पडली आणि सगळा बँड माझ्या चारी बाजूंनी फिरला. ट्यूबा कानाजवळून गेला. पाच महिन्यांत मी त्यांना असं गप्प राहून ऐकलेलं नव्हतं. सुरेख वाजवतात. कधीपासून, ते विचारायला हवं होतं. क्लॅरिनेटवाला तर फारच चांगला.

टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हलायचं नव्हतं.

१७ डिसेंबर, संध्याकाळ
पडद्याची दांडी परत लावली. एका बाजूला गोळा नाही, त्यामुळे पडदा तिकडे थोडा सरकतो. हिला सांगितलं, उद्या समारंभाला ये, मी बँडमध्ये आहे. काय वाजवणार, असं हिने विचारलं.

मी गाडी आहे, म्हटलं.