जिला जोड नाही

३ मार्च
बायको म्हणाली, माझ्या जागी दुसरी कुणी आणून बसवली तरी तुम्हाला पत्ता लागायचा नाही. मी म्हटलं, काहीतरीच काय! ऑफिसातून दमून आलेल्या माणसाला असलं बोलू नये. वीस तारखेला लग्नाला पंचवीस वर्षं होतील. तिला जन्मभर लक्षात राहील असं काहीतरी देणार. मिक्सर नाही.

४ मार्च
ठरलं. शब्द देणार. फोनवर 'युनिकनेस'चा अर्थ पाहिला : एकमेव असणं, दुसऱ्या कुणासारखं नसणं. मराठीत 'अद्वितीय' म्हटलं की सत्काराचं भाषण वाटतं. उर्दूच बरी.

६ मार्च
उर्दूत दोन शब्द निघाले. इन्फिरादियत आणि यकताई. पहिला म्हणताना दाढ दुखते. हिशेबखात्यातला एक जण उर्दू जाणतो, त्याला आम्ही शायर म्हणतो. त्याला विचारलं. म्हणाला, यकताई म्हणजे जोड नसणं. माणसालाच म्हणायचं तर 'यकता' म्हणा, पण आधी तिच्याकडे नीट बघा. त्यात बघायचं काय? पंचवीस वर्षं बघतोय.
शब्द कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. चांगले शब्द तसेच वाटतात.

९ मार्च
लिपी शिकून स्वतःच्या हाताने लिहिणार. रोज अर्धा तास, आजपासून.
(जेवणानंतर) उद्यापासून. मान आखडली आहे.

१२ मार्च
उर्दू उजवीकडून वाचतात. या चष्म्याला ते झेपणार नाही. ज्याचं काम त्याने करावं, कोरणारा लिहील.

१४ मार्च
पायात टाचणी घुसली. ही घरी शिवणकाम करते, टाचण्या एका जुनाट पितळी डबीत. झाकणावर कसलीशी नक्षी होती, ती पार काळवंडली आहे. कितीदा सांगितलं, फेक ती. ऐकेल तर शपथ! पण त्यावरूनच सुचलं. नवी पितळी डबी, झाकणावर 'यकता'. एका दगडात दोन पक्षी. डोकं अजून चालतं म्हणायचं.

१८ मार्च
कोरीवकामाच्या दुकानात गेलो. शब्द सांगताच कारागिराने तयार नमुना काढून समोर ठेवला. म्हणाला, हा खूप खपतो साहेब. म्हणजे निवड दर्जेदार आहे. त्याने विचारलं, खाली नाव घालू का? नाव घातलं तर परवा या. पुन्हा हेलपाटा कोण घालणार? म्हटलं, राहू दे. कुणासाठी आहे ते तिला कळेल.

२० मार्च
डबी दिली. शब्द वाचून दाखवला, अर्थ सांगितला, अख्ख्या जगात एकच वगैरे. ती उठली. मग मशीनवरची जुनी डबी आणली, टाचण्या बशीत ओतल्या, झाकण ओल्या फडक्याने खसाखसा घासलं आणि नव्या डबीशेजारी ठेवलं. तीच अक्षरं.
म्हणाली, लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा तुम्हीच दिली होतीत. अर्थही असाच समजावला होतात.
मी म्हटलं, बघ, इतक्या वर्षांत माझं मत बदललं नाही.
ती म्हणाली, तेव्हा खाली माझं नाव तरी होतं.
मग टाचण्या वेचून पुन्हा जुन्या डबीत भरल्या. नवी माझ्यापुढे सरकवली, तुमच्या बीपीच्या गोळ्यांना होईल म्हणाली.
फार वाईट वाटलं. गोळ्या बरोबर मावतात.